घसा लाल दिसला म्हणजे स्ट्रेप झाला का?

एका आईचा प्रश्न आहे. तिच्या सहा वर्षांच्या मुलीला चार महिन्यांत तिसऱ्यांदा ताप आला आणि घसा दुखला. दर वेळी घशातला नमुना न तपासताच अँटिबायोटिक सुरू झालं, दोन दिवसांत ताप उतरला, मुलगी खेळायला लागली आणि उरलेली बाटली तशीच पडून राहिली. या वेळी रक्त तपासलं तर त्यात एएसओ नावाचा आकडा वाढलेला निघाला. आई विचारतेय, हा स्ट्रेप थ्रोट, म्हणजे स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे होणारा घशाचा आजार, आहे का, तो घरी ओळखता येतो का, बरं वाटल्यावरसुद्धा दहा दिवस औषध पाजायलाच हवं का, आणि टॉन्सिल काढून टाकले तर एकदाची सुटका होईल का?

ताई, तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: बाटली पडून राहिली. तिच्याकडे मी येतेच, पण आधी ओळखण्याबद्दल बोलू.

मी मुलांची डॉक्टर आहे आणि रोज कितीतरी घसे बघते. तरीही नुसता टॉर्च मारून "हा स्ट्रेपच" असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. लाल घसा, सुजलेले टॉन्सिल, त्यांवर पांढरे ठिपके हे सगळं विषाणूंमुळेही होतं. अ‍ॅडिनोव्हायरस तर असा हुबेहूब घसा करतो की अनुभवी डॉक्टरही फसतात. मोनो नावाचा एक विषाणूजन्य आजार आहे, त्यात टॉन्सिलवर पांढरा थर इतका जाड असतो की बघणाऱ्याला जंतुसंसर्गाची खात्रीच वाटावी. अशा मुलाला अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातलं अँटिबायोटिक दिलं तर पुष्कळदा अंगभर पुरळ उठतं, आणि मग त्या मुलाच्या कागदांवर 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' असा शिक्का विनाकारण कायमचा बसतो.

शाळकरी वयाची दहा मुलं घसा दुखतोय म्हणून आली, तर त्यांतल्या साधारण दोघातिघांनाच स्ट्रेप असतो. बाकीच्यांना विषाणूंची बाधा असते आणि तिथे अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नसतो. तुमच्या मुलीचे तीनही आजार स्ट्रेपचे असतीलच असं म्हणूनच मी धरून चालणार नाही.

तरीही आजाराच्या कथेतून बरंच कळतं. स्ट्रेप अचानक येतो. सकाळी हसतखेळत शाळेत गेलेलं मूल दुपारी मलूल होऊन परत येतं, संध्याकाळपर्यंत अंग तापतं, आणि आवंढा गिळताना ते डोळे मिटून घेतं. डोकं दुखतं. लहान मुलं कित्येकदा घशाचं नावच काढत नाहीत, "पोटात दुखतंय" म्हणतात आणि एकदोनदा ओकतात. म्हणून ताप आणि पोटदुखी घेऊन आलेल्या मुलाचा घसा बघितल्याशिवाय मी त्याला सोडत नाही. विषाणूंचा आजार बहुधा हळूहळू चढतो. नाक वाहतं, शिंका येतात, खोकला असतो, आवाज बसतो, डोळे लाल होतात, कधी तोंडात फोड येतात, कधी जुलाब होतात. घसादुखीच्या जोडीला सर्दी, खोकला आणि बसलेला आवाज असेल तर स्ट्रेपची शक्यता खूपच उतरते. घरच्या घरी विचार करताना हीच एक खूण सगळ्यात कामाची आहे. आई "खोकला मुळीच नाही हो" म्हणाली की माझे कान टवकारतात.

वयही बघायचं. स्ट्रेप हा मुख्यतः 5 ते 15 वर्षांच्या मुलांचा आजार. तीन वर्षांच्या आत तो क्वचित होतो, झालाच तर घशापेक्षा नाकातून दिसतो: बरेच दिवस घट्ट शेंबूड, बारीक ताप, चिडचिड, मानेला गाठी. या वयात स्ट्रेपनंतर हृदयाला इजा होण्याचा धोकाही (तो कसा, हे पुढे सांगते) फार दुर्मीळ असल्यामुळे इतक्या लहान बाळाची स्ट्रेपची तपासणी आम्ही सहसा करत नाही. घरात मोठ्या भावंडाला स्ट्रेप निघाला असेल आणि बाळही आजारी असेल, तर मात्र करतो.

तपासताना मी मऊ टाळूवर, पडजिभेच्या आसपास, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके शोधते. ते दिसले तर संशय बळावतो. मग जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या पुढच्या बाजूला बोटांनी चाचपते. तिथली गाठ सुजलेली असेल आणि हलकंसं दाबल्यावर मुलानं मान आखडून घेतली, तर तीही खूण. कधी अंगावर बारीक लाल पुरळ असतं, बघण्यापेक्षा हाताला जास्त जाणवणारं. पोटावरून तळवा फिरवला की पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखं खरखरीत लागतं. काखेत आणि कोपराच्या घडीत ते गडद दिसतं, गाल लाल होतात, ओठांभोवतीची त्वचा फिकट राहते, जीभ स्ट्रॉबेरीसारखी लाल आणि दाणेदार होते. त्वचा सावळी असेल तर लाली नीट दिसत नाही, म्हणून हात फिरवणं महत्त्वाचं. हा स्कार्लेट फीव्हर. नाव ऐकून पालकांचा चेहरा उतरतो, पण हा त्याच जंतूचा आजार, त्याच्या विषामुळे आलेल्या पुरळासह, आणि औषधही तेच. पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत बोटांच्या टोकांची सालं निघाली तर घाबरू नका.

खुणा जुळल्या की तपासणी. घशाचा स्वॅब, म्हणजे कापूस लावलेल्या काडीनं घशातला नमुना, घ्यायचा. इथे एक गोष्ट पालकांनाही माहीत असावी, कारण चांगला आणि वाईट स्वॅब यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मूल आईच्या मांडीवर, पाठ आईच्या छातीला टेकलेली, आईचा एक हात त्याच्या दोन्ही हातांवरून, दुसरा कपाळावर. मी मुलाला खरं तेच सांगते: "ओकारीसारखं वाटेल, तीन आकडे मोजेपर्यंत संपेल." जीभ खाली दाबायची, काडी दोन्ही टॉन्सिलवरून आणि मागच्या भिंतीवरून घासून फिरवायची, येता-जाता जिभेला किंवा गालाला लागू द्यायची नाही. मुलाला उबळ येते, डोळ्यांत पाणी येतं, आणि झालं. गालाला लावून काढलेला स्वॅब निगेटिव्ह आला तर त्याला काही अर्थ नसतो.

रॅपिड टेस्टचं उत्तर काही मिनिटांत मिळतं. ती पॉझिटिव्ह आली तर जंतू घशात आहे हे जवळजवळ पक्कं, उपचार सुरू करायचे. निगेटिव्ह आली तर काही थोड्या मुलांमध्ये ती चुकलेली असू शकते, म्हणून मुलांच्या बाबतीत तोच नमुना कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायला, पाठवणं चांगलं. कल्चरचं उत्तर यायला एक-दोन दिवस लागतात. "तोवर थांबायचं? जंतू पसरला तर?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मूल पाणी पीत असेल आणि फार आजारी दिसत नसेल तर खुशाल थांबा. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हृदयाचं संरक्षण मिळतं. एकदोन दिवसांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते आधीच्या बाटलीतलं उरलेलं औषध दोन चमचे पाजून तपासणीला आणल्यावर. मग जंतू दबतो, कल्चर कोरं येतं आणि खरं काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही.

ज्या मुलाला उघड सर्दी-खोकला आहे त्याचा स्वॅब घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळकरी मुलांतल्या दहांतल्या एखाद्याच्या घशात, कधी त्याहून जास्त मुलांच्या घशात, हा जंतू कसलाही त्रास न देता मुक्काम करून असतो. अशा वाहक मुलाला साधी सर्दी झाली आणि कुणी स्वॅब घेतला, तर तो पॉझिटिव्हच येणार. मग विषाणूच्या आजाराला अँटिबायोटिक मिळतं, आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

आता तुमचा एएसओचा रिपोर्ट. ही तपासणी जंतू मोजत नाही, शरीरानं जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं मोजते. ती वर चढायला एक ते तीन आठवडे लागतात, तीन ते पाच आठवड्यांत शिखर गाठतात आणि मग कित्येक महिने रेंगाळतात. आज दुखणारा घसा स्ट्रेपनं दुखतोय की नाही, हे त्यातून कळत नाही. गेल्या काही महिन्यांत कधीतरी स्ट्रेपशी गाठ पडली होती एवढंच कळतं, आणि या वयात अनेक निरोगी मुलांचा आकडा वरच असतो. हृदयाला इजा करणाऱ्या त्या आजाराची, म्हणजे रुमॅटिक फीव्हरची, किंवा मूत्रपिंडाच्या सुजेची शंका असते तेव्हा ही तपासणी मोलाची. नुसता आकडा वाढलाय म्हणून औषध देत राहणं आणि आकडा उतरतोय का हे बघायला मुलीला पुन्हा पुन्हा सुई टोचणं, दोन्ही थांबवा.

स्ट्रेप ठरला तर औषध साधं आणि जुनं आहे: पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन. या जंतूबद्दल एक दिलासा देणारी गोष्ट अशी की पेनिसिलिन वापरात येऊन 80 वर्षं उलटली, कितीतरी जंतू त्याला जुमानेनासे झाले, पण या स्ट्रेपनं पेनिसिलिनला दाद दिली नाही असं रुग्णांमध्ये अजून आढळलेलं नाही. अमॉक्सिसिलिनची चव मुलांना चालते, म्हणून पातळ औषधात बहुतेक जण तेच देतात. मात्रा वजनावर ठरते: दिवसाला दर किलोमागे 50 मिलिग्रॅम, एकदम किंवा दोन वेळांत विभागून, दिवसाला जास्तीत जास्त 1000 मिलिग्रॅम, दहा दिवस. 20 किलोच्या मुलीला म्हणजे दिवसाला 1000 मिलिग्रॅम. तुमच्या मुलीची मात्रा तिला तपासणारे डॉक्टरच ठरवतील. हा हिशेब दिला तो एवढ्यासाठी की लिहून मिळालेली मात्रा बाटलीवरच्या आकड्याशी ताडून बघता यावी. एका बाटलीत 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असतं, दुसरीत 250, आणि "एक चमचा" एवढंच तोंडी लक्षात राहिलं की मात्रा निम्मी किंवा दुप्पट होते. घरातला चमचा वापरू नका, सिरिंजनं मोजा. पावडरमध्ये पाणी खुणेपर्यंतच भरा आणि दर वेळी बाटली जोरात हलवा, नाहीतर पहिले दिवस पातळ पाणी जातं आणि शेवटी तळाचा घट्ट गाळ.

पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन देऊनही हे काम होतं. बेंझाथिन पेनिसिलिन मांडीत किंवा कुल्ल्यात दिलं की ते आठवडे-आठवडे हळूहळू रक्तात उतरत राहतं. दुखतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ज्या घरात दहा दिवस औषध पाजणं जमणारच नाही, तिथे मी तेच सुचवते.

अ‍ॅझिथ्रोमायसिन "तीन दिवसांत काम तमाम" म्हणून फार लोकप्रिय झालंय, आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. ते पेनिसिलिनची खरी अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी राखून ठेवायचं औषध आहे, तिथेही स्ट्रेपसाठी ते पाच दिवस द्यावं लागतं, आणि अनेक ठिकाणी हा जंतू त्याला सरावला आहे. अमॉक्सिसिलिननं शी पातळ झाली, याला अ‍ॅलर्जी म्हणत नाहीत. औषध दिल्यावर लगेच अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, धाप लागणं ही खरी अ‍ॅलर्जी.

आता ती पडून राहिलेली बाटली. स्ट्रेपचा घसा औषध न देताही तीन ते पाच दिवसांत, फार तर आठवड्यात आपोआप बरा होतो. औषधानं दुखणं साधारण एखादा दिवस आधी आटोपतं, इतकंच. मग एवढा आटापिटा कशाला? कारण घसा शांत झाल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, काही मुलांच्या शरीरात एक भलतीच लढाई सुरू होते. जंतूच्या आवरणातले काही भाग आपल्या हृदयातल्या आणि सांध्यांतल्या प्रथिनांसारखे दिसतात. जंतूवर धावून गेलेली प्रतिकारशक्ती मग आपल्याच माणसावर उलटते. हा रुमॅटिक फीव्हर. सांधे यातून बरे होतात, पण हृदयाच्या झडपांना, विशेषतः मायट्रल झडपेला, इजा झाली तर ती कायमची राहू शकते.

नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. गुडघा सुजला म्हणून आणला होता. पडल्यानं झालं असावं, असं घरच्यांना वाटत होतं. दोन दिवसांनी गुडघा उतरला आणि दुसऱ्या पायाचा घोटा सुजला, चादरीचा स्पर्शही सोसेना. छातीला स्टेथोस्कोप लावला तर ठोक्यांच्या मध्ये फुंकर मारल्यासारखा आवाज येत होता, जो आधीच्या भेटीत नव्हता. मी घशाबद्दल विचारलं. आई थोडा वेळ आठवत राहिली, मग म्हणाली, "तीन आठवड्यांपूर्वी दुखला होता, औषध तीन दिवस दिलं, मग बराच होता की." त्या आईचा काही दोष नव्हता. दहा दिवस कशासाठी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तो मुलगा आता दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतो आणि अजून कित्येक वर्षं घेणार आहे, कारण पुढच्या प्रत्येक स्ट्रेपला त्याच्या झडपेचं नुकसान वाढू शकतं.

रुमॅटिक फीव्हर टाळता येतो हे 1950 च्या सुमारास अमेरिकेत वायोमिंगमधल्या वॉरेन हवाई तळावर सिद्ध झालं. तिथल्या तरुण सैनिकांमध्ये स्ट्रेपची साथ होती. ज्यांना पेनिसिलिन मिळालं त्यांच्यात हा आजार फार कमी झाला. दहा दिवसांचा नियम घशातून जंतू पुरता नाहीसा व्हावा यासाठी आहे. काही देशांत, जिथे रुमॅटिक फीव्हर जवळजवळ दिसतच नाही, तिथे पाच दिवसांच्या उपचारालाही आता मान्यता आहे. पण जिथे तो आजार अजून मुलांना होतो, तिथे मी दहापैकी एक दिवसही सोडणार नाही. ताप उतरला म्हणजे दुखणं आवरलं. उरलेले दिवस हृदयासाठी असतात, आणि पालकांना हे मी याच शब्दांत सांगते.

या जंतूमुळे मूत्रपिंडांनाही सूज येऊ शकते. घसादुखीनंतर साधारण दहा दिवसांनी चेहरा, विशेषतः सकाळी डोळ्यांभोवती, सुजतो आणि लघवी चहाच्या रंगाची होते. अँटिबायोटिकनं हे टळेलच अशी खात्री नाही, पण बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. अशी लघवी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रक्तदाब मोजायला हवा.

घरी करायचं ते फार नाही. दुखणं आणि ताप यांसाठी पॅरासिटामॉल, दर किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचं अंतर ठेवून. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नाही, त्यातून मेंदू आणि यकृताला इजा करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. कोमट किंवा गार, मुलाला रुचेल ते द्या, घोट-घोट का होईना पोटात जाऊ द्या. जेवणाची जबरदस्ती नको, पाण्याचा आग्रह हवा. गुळण्या जमणाऱ्या मुलानं मिठाच्या कोमट पाण्याच्या कराव्यात. औषध सुरू होऊन 24 तास झाले आणि ताप नसेल तर शाळेत पाठवायला हरकत नाही. घरातल्या ज्यांना काहीच त्रास नाही त्यांना तपासायची गरज नाही, ज्यांचा घसा दुखतोय त्यांना मात्र दाखवा.

काही खुणा दिसल्या तर वाट बघू नका, रात्र असली तरी निघा: थुंकी गिळता न आल्यानं लाळ गळणं, तोंडात गरम घास धरल्यासारखा घुसमटलेला आवाज, तोंड नीट न उघडणं, एकच टॉन्सिल फुगून पडजीभ दुसरीकडे ढकलली जाणं, मान वळवता न येणं, श्वास घेताना आवाज होणं, आठ-दहा तास लघवी न होणं. घशात करडा, चिकटून बसलेला पडदा दिसला आणि लसी अपुऱ्या असतील, तर घटसर्पाची शंका घ्यावी लागते. औषध सुरू करून दोन-तीन दिवस झाले तरी ताप हटत नसेल तर निदान पुन्हा तपासायला हवं. अशा वेळी नुसतं अँटिबायोटिक बदलून भागत नाही.

टॉन्सिल काढायची घाई मी करणार नाही. साधारण निकष असा आहे: वर्षभरात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दर वर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दर वर्षी तीन वेळा, आणि प्रत्येक वेळची ताप, गाठी, स्वॅबचा निकाल अशी नोंद कागदावर असलेली. तुमच्या मुलीचे तीन आजार झालेत, त्यांतल्या एकाचाही स्वॅब घेतलेला नाही.

म्हणून एक वही घाला. आताच्या आजारात अँटिबायोटिक आधीच सुरू झालेलं असेल, तर ते मधेच सोडू नका, डॉक्टरांना विचारून पुरं करा, आणि जुन्या बाटल्या टाकून द्या. मुलीच्या छातीचे ठोके एकदा शांतपणे ऐकून घ्यायला सांगा. पुढच्या वेळी घसा दुखला की पहिल्याच दिवशी लिहा: ताप किती, खोकला आहे की नाही, नाक वाहतंय का, पोट दुखतंय का, अंगावर पुरळ आहे का. खोकला-सर्दी असेल तर पॅरासिटामॉल, पाणी आणि दोन-तीन दिवस थांबणं. नसेल तर औषधाचा पहिला थेंब तोंडात जायच्या आधी स्वॅब मागून घ्या. पॉझिटिव्ह आला तर कॅलेंडरवर दहा चौकटी आखा आणि रोज रात्री एकेका चौकटीवर फुली मारायचं काम मुलीकडेच द्या. सहा वर्षांची मुलं ते विसरू देत नाहीत.